आमच्या घराला खिळा नव्हता

आम्ही भावंडं ज्या घरात जन्मलो, त्या घराला एकही खिळा नव्हता. जव्हारकडच्या वावर गावात आमच्या पाड्यावर तेव्हा सगळीच घरं तशी. मेढी जमिनीत रोवायच्या, त्यांच्या बेचक्यात आडवी लाकडं बसवायची आणि केवणीच्या सालीच्या दोरानं सगळं आवळून बांधायचं. भिंत म्हणजे कारवीचा कूड, दोन्ही अंगांनी शेणमातीनं लिंपलेला. अशा भिंतीत काही अडकवायचं तर भोक पाडावं लागत नाही, खोचावं लागतं. कोयता कुडात, फणी कुडात, रेशनकार्ड प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कुडात. ढेकूणही कुडातच, पण ते आपले आपण खोचून घ्यायचे.

लग्न निघालं की त्याच कुडाला गेरू लागायचा आणि सवासिनी तांदळाच्या पिठानं चौक लिहायच्या. पालघट देवीच्या चौकात फणी असते, शिडी असते, सूर्य-चंद्र असतात. हातोडी आम्ही कुठल्या चौकात पाहिली नाही.

भोक पाडायचं काम घरात अजिबात नव्हतं असंही नाही. आजा बांबूचा पावा करायचा. लोखंडी सळई चुलीत लाल होईस्तोवर ठेवायची आणि नळीवर खूण केलेल्या जागी टेकवायची. चर्र आवाज, गोडसर धूर, आणि भोक तयार. तेवढा वेळ आमच्यापैकी एकानं नळी दोन्ही हातांनी जमिनीवर दाबून धरायची. आजाची अट एकच असे : "धरलंस त सोडायचं नाय. आन बघायचं नळीकडं, माज्याकडं नाय." मशीन कसं वापरावं याचा आम्हाला मिळालेला पहिला धडा हाच म्हणावा लागेल. तेव्हा मशीन नव्हतं, एवढंच.

दुसरा धडा बा आणि काकाचा. 1972 च्या दुष्काळानंतर रोजगार हमीची कामं निघू लागली तेव्हा दोघं विहिरींवर आणि रस्त्यांवर जात. जव्हार-मोखाड्याचा दगड काळा, कुदळीला दाद न देणारा. सुरुंगासाठी त्यात भोक पाडायचं तर दोन माणसं लागत. एक जण खाली बसून पोलादी पहार उभी धरायचा, दुसरा वरून घण घालायचा. घण पडला की धरणाऱ्यानं पहार थोडी फिरवायची. पुन्हा घण, पुन्हा फिरव. न फिरवता नुसतंच ठोकत राहिलं तर पहार दगडात रुतून बसते. मध्येमध्ये पाणी ओतायचं, लांब दांड्याच्या पळीनं भोकातला चिखल उपसायचा.

काका धरायचा, बा घण घालायचा. एकदा शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं बंद झालं, ते पार पुढच्या भातलावणीपर्यंत. तेव्हाही जोडी बदलली नाही. घरी एकमेकांच्या ताटाकडे न बघणारे हे दोघे कामावर एकच शब्द बोलत, आणि तोही काकाच. पहार फिरवून झाली की तो "हं" म्हणे. तो "हं" आला नाही की घण वरच थांबायचा. आम्ही भाकऱ्या घेऊन जायचो तेव्हा लांबूनच ऐकू यायचं : ठण्, हं, ठण्, हं. ठण् आधी गेला आणि हं मागे राहिला असं कधी झालं नाही, म्हणून काकाच्या दोन्ही हातांची बोटं शेवटपर्यंत जागेवर राहिली.

दिवाळी झाली, भात झोडून झालं की पाड्यावरची निम्मी घरं कुलूप न लावताच बंद व्हायची. कुलूप लावावं असं आत काही नसायचं. आईबा भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जायचे, होळीला परत यायचे. हजारांनी विटा थापणाऱ्या आईचं स्वतःचं घर कारवीचंच होतं, याची खंत तिला होती की नाही हे आम्ही कधी विचारलं नाही. विटेबद्दल तिचं मत मात्र पक्कं होतं. बोटाच्या पेरानं वीट वाजवायची आणि म्हणायची, ही भाजली, ही कच्ची. पुढं वहिनीनं हे कसब तिच्याकडून घेतलं. ते कुठं कामाला आलं ते सांगतो.

1992 साली वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं गेली आणि आमच्या गावाचं नाव मुंबईच्या वर्तमानपत्रांत आलं. ज्या रस्त्यानं कुणी येत नव्हतं त्या रस्त्यानं जीपगाड्या येऊ लागल्या. गावाचं नाव सांगितलं की जव्हारच्या बाजारातही लोक "अरे, ते वावर" म्हणायचे, आणि आम्ही पुढचं बोलणं टाळायचो. त्या गाड्यांच्या मागून हळूहळू सिमेंट आलं. आधी सरकारी भिंती, मग इंदिरा आवासची घरकुलं. काकाला घरकुल मिळालं तेव्हा पाड्यावरच्या बाया भिंतीला हात लावून बघायला आल्या. गार लागते म्हणाल्या. आजी आत गेली, चौफेर बघितलं आणि विचारलं, "कोयता ठेवायचा कुठं?"

ती बाई नेमकं बोलली होती. विटेच्या भिंतीत काही खोचता येत नाही. मग सुरू झाली छिन्नी-हातोडीची वर्षं. लाइट जोडायला आलेला वायरमन छिन्नीनं चौकोनी खड्डा करायचा, त्यात लाकडाची गिट्टी ठोकायचा आणि त्या गिट्टीत स्क्रू पिळायचा. खड्डा बोटाएवढा हवा असायचा, पोपडा तळहाताएवढा निघायचा. नव्या घराच्या प्रत्येक बोर्डाभोवती सिमेंटचं एकेक ठिगळ दिसायचं. छिन्नीची कपची डोळ्यात गेली म्हणून पाड्यावरच्या एका पोराला जव्हारच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं. डोळा वाचला. तेव्हापासून आई ठोकाठोकी सुरू झाली की आम्हा सगळ्यांना अंगणात हाकलायची.

थोरला दादा वसई-विरारच्या इमारतींवर कामाला लागला आणि ड्रिल मशीन आमच्या बोलण्यात आलं. आधी हेल्पर, मग स्लायडिंगच्या खिडक्या बसवणाऱ्यांबरोबर. बिट, चक, अँकर, गिट्टी हे शब्द तो होळीला घरी घेऊन यायचा, गुळाच्या ढेपेसारखे मोजून वाटायचा. पुढं खांदा दुखायला लागल्यावर तो गावी परतला, तेव्हा त्याच्यासोबत एका पेटीत बॅटरीवरचं हॅमर ड्रिल होतं. वायरवालं का नाही घेतलं, या प्रश्नाला त्याचं उत्तर सरळ होतं. पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल आणि कधी येईल याचा नेम नाही. शिवाय ओल्या अंगणातून लांबवर ओढलेली, जागोजागी टेप गुंडाळलेली वायर त्यानं साइटवर पुष्कळ पाहिली होती.

दादानं ते उघडून दाखवलं नाही, पण समजावलं असं की काका लगेच हसला. आत दोन दातेरी चकत्या असतात. जोर देऊन टेकवलं की त्या एकमेकींच्या दातांवरून घसरतात आणि फिरता बिट पुढंमागं ठोकला जातो, मिनिटाला 25-30 हजार वेळा. ठोकणं आणि फिरवणं, दोन्ही एकाच वेळी. म्हणजे बा आणि काका एका पेटीत कोंबलेले. फक्त त्यात "हं" म्हणणारा कुणी नाही.

तेव्हापासून घरात नियम झाला की मशीन एकट्यानं चालवायचं नाही. एक चालवणार, एक उभा राहणार. उभा राहणाऱ्याचं काम शिडी धरणं, भिंतीच्या पलीकडे कोण आहे ते बघणं आणि "हं" म्हणणं. पाड्यावरच्या काही पोरांना हे हास्यास्पद वाटतं. बॅटरीचं मशीन म्हणजे एकट्याचं काम, त्यासाठीच तर ते काढलंय, असं त्यांचं म्हणणं. भाच्यानं मग मोबाइलवर वाचलेली गोष्ट त्यांना सांगितली. श्टुटगार्टच्या फाइन कंपनीनं 1895 मध्ये विजेचं हातड्रिल केलं, ब्लॅक अँड डेकरनं 1961 मध्ये बॅटरीचं आणलं, आणि 1971 मध्ये अपोलो 15 चे डेव्हिड स्कॉट चंद्रावर बॅटरीच्या, ठोकत फिरणाऱ्या ड्रिलनं भोक पाडत होते. माती काढायची नळी जमिनीत अशी रुतली की जेम्स अर्विन यांना हात लावावा लागला; दोघांनी मिळून ती उपसली. साधारण त्याच काळात आमचा बा आणि काका विहिरीत अडकलेली पहार दोघं मिळून उपसत होते. पोरं गप्प बसली. चंद्राचं नाव निघालं की बसतात, काकाचं नाव निघालं की नाही.

पलीकडे बघायचा नियम सगळ्यांत महत्त्वाचा, असं मला वाटतं. घरकुलाची मधली भिंत बहुतेक ठिकाणी अर्ध्या विटेची, म्हणजे चार-साडेचार इंचांची. लांब बिट लावून जोर दिला की या बाजूला सुंदर गोल भोक पडतं आणि त्या बाजूला विटेचा अख्खा तुकडा उडतो. त्या बाजूला कुणाचं डोकं टेकलेलं असू शकतं. म्हणून बिटावर हवी त्या खोलीला रंगीत टेप गुंडाळायचा आणि टेप भिंतीला टेकला की थांबायचं. स्विचबोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही, कारण भिंतीतली वायर बहुधा त्याच वाटांनी जाते. तरीही मेन स्विच बंद करायचा. बॅटरीचं मशीन असल्यानं लाइट बंद करूनही काम चालतं. हा त्याचा सगळ्यांत मोठा गुण, आणि लोक नेमका तोच विसरतात.

मनगटाबद्दल दादा फार बोलतो. साइटवर त्याच्यासमोर एका कामगाराचा बिट कॉलममधल्या सळईला लागला. बिट थांबला, पण मशीन थांबलं नाही. ते हातासकट फिरलं. मनगट सुजून महिना गेला. त्यामुळं बाजूची दांडी लावल्याशिवाय आमच्याकडे ठोकायचा मोड चालू होत नाही. पाय फाकवून उभं राहायचं, सुरुवात सावकाश करायची, अंगाचा भार टाकायचा नाही. आवाज बदलला, भुगा लाल किंवा राखाडी यायच्या ऐवजी चमकता यायला लागला, की बोट काढायचं. कॉलम आणि बीम आपले नाहीत, त्यांना हात लावायचा नाही. त्या काँक्रीटला हे मशीन तसंही पुरं पडत नाही; त्याला आत हवेच्या दाबानं ठोकणारं मोठं रोटरी हॅमर लागतं. विटेला आणि ब्लॉकला हे पुष्कळ.

लाकडाला आणि पत्र्याला ठोकायचा मोड लावायचा नाही, बिट बदलताना आधी बॅटरी काढायची, मागं-पुढंचं बटण मधोमध ठेवलं की मशीनला कुलूप लागतं. हे सगळं पेटीतल्या पुस्तकातही आहे, पण त्यात मराठी सोडून बऱ्याच भाषा आहेत.

आता झोळीचं सांगतो. कुडाच्या घरात मूल झालं की आडव्या लाकडाला लुगड्याची झोळी बांधायची. आम्ही सगळे त्याच लाकडाखाली झोपून मोठे झालो. दोर झिजलेला दिसायचा, तो बदलायचा, झालं. पुढं 2016 नंतर धाकट्याला पंतप्रधान आवासमधून 25 चौरस मीटरचं घर मिळालं. आमच्याकडे बऱ्याच घरकुलांवर पत्रा असतो. त्यानं कर्ज काढून स्लॅब टाकला. स्लॅबमध्ये पंख्याचं हूक सोडलेलं, दुसरं काही नाही. त्याला मुलगी झाली. झोळी कुठं बांधायची?

मेव्हणा म्हणाला, मशीन आहे ना, स्लॅबला दोन भोकं मारू, प्लास्टिकच्या गिट्ट्या, हूक, संपलं. दादानं नाही म्हटलं. प्लास्टिकची गिट्टी भिंतीत असते तेव्हा वजन तिला आडवं असतं. छतात वजन सरळ खाली ओढतं, आणि झोळी नुसती लटकत नाही, हलते. प्रत्येक झोक्याला गिट्टी केसभर सैल होते. कुणी म्हणालं लोखंडी अँकर फास्टनर टाकू. त्यालाही दादा तयार झाला नाही : स्लॅब किती जाड पडलाय, सळई कुठून गेलीय, कुणी पाहिलंय? बोलाचाली वाढल्या. मेव्हण्याचं म्हणणं, दादाला मशीन वापरण्यापेक्षा न वापरण्याचीच हौस जास्त. शेवटी आत्यानं सुचवलं तेच झालं. समोरासमोरच्या भिंतींत दोन कोनाडे होते; त्यांत जाड लोखंडी नळ आडवा टाकला, दोन्ही टोकं सिमेंटनं बुजवली आणि नळाला दोर बांधला. मशीन त्या दिवशी पेटीतून निघालंच नाही. मला विचाराल तर त्या मशीनचं आमच्या घरातलं सगळ्यांत चांगलं काम हेच.

दादाचा खांदा आता वर जात नाही. त्यामुळं मशीन वहिनी चालवते आणि दादा "हं" म्हणतो. ती आधी बोटाच्या पेरानं भिंत वाजवते. आवाज बद्द आला की सरकते. तिथं सांधा असतो, किंवा गिलावा सुटलेला असतो, किंवा वीटच कच्ची असते. भट्टीवरच्या सासूनं दिलेलं शिक्षण. भोक पाडताना पदर कमरेला घट्ट खोचलेला, बांगड्या काढून ठेवलेल्या, केस बांधलेले, डोळ्याला बाजारातून आणलेला प्लास्टिकचा चष्मा. पहिल्यांदा तिला शिडीवर बघून शेजारचा म्हातारा म्हणाला, "बाईचं काम हाय का?" वहिनी वरूनच म्हणाली, "आबा, तुमचा बोर्ड सैल झालाय ना, मग येते उद्या." बोर्ड बसल्यापासून त्याचा आक्षेप संपला.

धुळीवरून मात्र ती कुणाचं ऐकून घेत नाही. भोकावर तोंडानं फुंकर मारायची सवय दादाला साइटवरून लागलेली; तिनं ती मोडून काढली. भोकाखाली जुन्या लग्नपत्रिकेचं पाकीट चिकटवते, भुगा त्यात पडतो. राहिलेला ओल्या फडक्यानं पुसते. नाकातोंडाला मास्क. सिमेंट, वाळू, विटेच्या त्या बारीक धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात बसली की निघत नाही. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलिराजपूरचे आदिवासी गोध्र्याकडे दगड दळायच्या कारखान्यांत कामाला गेले आणि सिलिकोसिस घेऊन गावी परतले. मग घराघरांतून तरणी माणसं गेली. घरातल्या चार भोकांनी कुणाला सिलिकोसिस होत नाही हे खरं. पण आमच्या पाड्यावरची पोरं दिवसभर टाइल कापायला, भिंती फोडायला शहरात जातात. मास्क लावायची सवय घरातच लागलेली बरी, असं वहिनी म्हणते, आणि त्यांना तिथं मास्क कोण देणार, असं दादा म्हणतो. दोघांचंही खरं आहे.

बॅटरीचे नियम आईनं केले, म्हणजे तिनं आपल्या समजुतीनं केले आणि ते बरोबर निघाले. चुलीजवळ ठेवायची नाही. पत्र्याखाली उन्हात नाही. खिळ्यांच्या डब्यात नाही. हे विशेष, कारण बॅटरीच्या दोन टोकांना खिळा आडवा लागला तर ती जागेवर पेटू शकते. काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावायची नाही, चार्जर तिचाच हवा, आणि रात्री सगळे झोपल्यावर चार्जिंग बंद. फुगलेली किंवा उंचावरून पडलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. जून ते सप्टेंबर आमच्याकडे पाऊस कोसळतो तेव्हा मशीन घराबाहेर काढायचं नाही, ओट्यावरसुद्धा नाही.

खरी कसोटी मशीन मागायला येणाऱ्यांची. पाड्यावर पहार, शिडी, मोठं पातेलं कुणी मागितलं तर नाही म्हणायची रीत नाही. मशीनही सुरुवातीला तसंच फिरलं. एकदा परत आलं ते बाजूच्या दांडीशिवाय. दांडी कुठं आहे विचारलं तर, "ती मधी येत होती." त्यानंतर मशीन एकटं जात नाही, मशीनबरोबर घरातलं एक माणूस जातं. पातेल्याबरोबर माणूस पाठवत नाही आणि मशीनबरोबर पाठवतो, याचा काही जणांना राग आहे. असू दे.

सध्याचा वाद हातमोज्यांचा आहे. दादा साइटवर वाढलेला. मोजे म्हणजे सुरक्षा, हे त्याच्या डोक्यात पक्कं. भाचा आयटीआयला वायरमन करतोय. तो म्हणतो, फिरत्या बिटाजवळ सैल मोजा, लोंबती बाही, मनगटातला दोरा यांतलं काहीही नको. कापडाचं एक टोक बिटानं धरलं की बोट सोडवायला वेळ मिळत नाही. बिट गरम असतो तेव्हा, विटा उचलताना, पत्रा धरताना मोजे घाला, भोक पाडताना काढा. भाच्याचं बरोबर आहे आणि दादाला ते कळलंय, पण कबूल करायचं तर भाच्यासमोर करावं लागतं. परवा त्यानं मोजे काढून खिशात ठेवले आणि म्हणाला, उकडतंय.

भाच्याची पुढची मागणी रोटरी हॅमरची आहे. गावात स्लॅबची घरं वाढतायत, कामं मिळतील, असा त्याचा हिशेब. वहिनीचे बचतगटातले थोडे पैसे तयार आहेत, मेव्हणा निम्मे द्यायला तयार आहे, दादा अजून तयार नाही. होळीला भट्टीवरची मंडळी परत आली की बसून ठरवायचं आहे. आत्याचं म्हणणं एवढंच, की त्याआधी तिच्या खोलीतला पंखा बसवा; हूक स्लॅबमध्येच सोडलेलं आहे, त्याला कुठलंच मशीन लागत नाही.